फॉन्डंटची फुलं, संत्री आणि तान्ह्या पोळ्याचा बैल: कोणतं टूल कधी धरायचं आणि नागपूरच्या हवेत गोळा कसा सांभाळायचा

आधी कूलर बंद करा. गंमत नाही, खरंच सांगून राहिली. फॉन्डंटच्या, म्हणजे केकवरच्या सजावटीच्या साखरेच्या मऊ गोळ्याच्या, कामात नागपुरात जेवढी वाट कूलरने लागते तेवढी नवशिक्या हाताने लागत नाही. कूलर ओल्या जाळीतून हवा ओढून आत फेकतो, म्हणजे खोलीत ओलावा भरतो, आणि फॉन्डंट म्हणजे जवळपास सगळी साखरच, ती हवेतलं पाणी ओढून घेते. मग सकाळी नीट उभी केलेली बाहुली संध्याकाळपर्यंत चकचकीत, चिकट होऊन एका बाजूला कलते आणि आपण म्हणतो ब्रँडच खराब निघाला. बरं, कूलर बंद केला तर मे महिन्यातली ४५ डिग्रीची कोरडी हवा आहेच, तिच्यात तोच गोळा थोडा वेळ उघडा राहिला की वरून सुरकुततो, बारीक भेगा पडतात, बेकिंगवाले त्याला एलिफंट स्किन म्हणतात. म्हणजे दोन्हीकडून मार.

एसी असला तर प्रश्नच नाही, तो हवा गार पण करतो आणि कोरडी पण. नसला तर उन्हाळ्यात आकार द्यायचं काम सकाळी लवकर उरकायचं, कूलर नसलेल्या खोलीत, आणि जेवढा हातात लागतो तेवढाच तुकडा बाहेर काढायचा, बाकीचा क्लिंग फिल्ममध्ये घट्ट गुंडाळून वरून झिप पाउचमध्ये. टेबलावर काढून ठेवलेल्या छोट्या छोट्या गोळ्यांवर स्टीलची वाटी उपडी घालायची. पंखा चालेल, पण तो वाळायला ठेवलेल्या वस्तूंवर, ज्या गोळ्याला अजून आकार द्यायचाय त्याच्यावर नाही. जुलै-ऑगस्टमध्ये सगळं उलटं, तेव्हा सुकतच नाही काही, त्याचं पुढे सांगते.

गोळा कोणता घ्यायचा

डब्यातला किंवा पाउचमधला रेडिमेड फॉन्डंट हा केक झाकायसाठी बनवलेला असतो. केक कापताना सुरी सहज जावी म्हणून त्यात ग्लिसरीन असतं, तो मुद्दामच मऊ राहतो. त्याच्यातून थेट गुलाबाची पाकळी करायला गेलात तर ती उभी राहणारच नाही, त्यात तुमचा दोष नाही. त्याला कडक करायला सीएमसी पावडर घालायची, काही दुकानात टायलोज म्हणून मिळते, लेबलवर तिचा घटक-नंबर आयएनएस ४६६ लिहिलेला असतो. २५० ग्रॅम फॉन्डंटला सपाट भरून १ छोटा चमचा, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. पावसाळ्यात दीड चमचा घाला. त्याच्यावर जाऊ नका, गोळा दगड होतो आणि वळताना कडा फाटतात.

पावडर ओट्यावर पसरून तिच्यावर गोळा मळायचा आणि मग, हे महत्त्वाचं, लगेच वापरायचा नाही. गुंडाळून रात्रभर ठेवायचा, फारच घाई असेल तर निदान काही तास. सीएमसीला पाणी धरायला वेळ लागतो, मळल्या मळल्या हाताला काहीच फरक लागत नाही म्हणून लोक अजून एक चमचा टाकतात आणि सकाळी गोळा खडखडीत झालेला असतो.

कशाला काय, तर साधं आहे. चपटे कटआउट, नाव, तारे, ढग, हे साध्या फॉन्डंटचे. बाहुल्या, प्राणी, फळं, म्हणजे जाडजूड वस्तू, सीएमसी घातलेल्या फॉन्डंटच्या. आणि पातळ पाकळ्या, पंख, रिबिनीचे बो, हे गमपेस्टचे, कारण गमपेस्ट कागदाइतकी पातळ लाटता येते आणि वाळली की कडक होते. ती खायला काही मजा नाही, दातात टोचते, ती शोभेपुरतीच.

घेताना पाकिटावरचा हिरवा ठिपका बघून घ्या, कारण काही फॉन्डंटमध्ये जिलेटिन असतं, आणि इथे निम्म्या ऑर्डरी प्युअर व्हेजवाल्यांच्या असतात, नंतर कोणी विचारलं तर तोंड पाडून बसायला नको.

वापरायच्या आधी प्रत्येक वेळी गोळा मळून घ्यायचा, कानाच्या पाळीएवढा मऊ लागला पाहिजे. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे सकाळी चांगलीच थंडी असते तेव्हा तो कडक येतो, दोन्ही तळहातात चोळून गरम करा, किंवा मायक्रोवेव्हमध्ये ५ सेकंद, जास्त नको, आतून वितळतो आणि बाहेरून कळत नाही. कोरडा पडून भेगा जात असतील तर हाताला थोडा डालडा लावून मळा, तरी नाही झालं तर ग्लिसरीनचे दोनतीन थेंब. चिकट झाला असेल तर कॉर्नफ्लोअर. उन्हाळ्यात डालडा, पावसाळ्यात कॉर्नफ्लोअर, ढोबळ हिशोब असा. कॉर्नफ्लोअर आणि आयसिंग शुगर निम्मं निम्मं करून मलमलच्या तुकड्यात पुरचुंडी बांधून ठेवा, ओट्यावर हलकी आपटली की पुरेशी पावडर पडते, मुठीने भुरभुरवायची नाही. आणि काळा, मरून, नेव्ही अशा गडद रंगाला कॉर्नफ्लोअर लावूच नका, पांढरे डाग पडतात ते जाता जात नाहीत, तिथे डालडाच.

चिकटवायला ग्लू घरीच होतो. ३० मिली उकळून गार केलेल्या पाण्यात पाव छोटा चमचा सीएमसी, हलवा आणि झाकून ठेवा. सुरुवातीला गुठळ्याच गुठळ्या दिसतील, घाबरू नका, सकाळपर्यंत आपोआप पारदर्शक जेल होते. फ्रिजमध्ये आठवडाभर राहतो. ब्रशने लावायचा तो इतका कमी की जागा फक्त ओलसर चमकली पाहिजे. जास्त लावला की हात-पाय घसरत खाली येतात, आणि नवीन माणसं नेमकं हेच करतात, चिकटत नाही म्हणून अजून ग्लू.

टूल्स

दहाबारा टूल्सचा प्लास्टिकचा सेट सगळेच घेतात, घ्या, स्वस्त असतो. पण घेतल्यावर पहिलं काम काय, तर प्रत्येक टूलवर बोट फिरवून पाहा, साच्याची शिवण लागेल, एक बारीक उंच रेघ. ती रेघ प्रत्येक पाकळीवर उमटते. नेलफायलीने नाहीतर बारीक सँडपेपरने घासून टाका आणि धुवा. ही गोष्ट सेटच्या डब्यावर कोणीच लिहीत नाही आणि मग लोक म्हणतात माझी पाकळी गुळगुळीतच येत नाही.

त्या सेटमधली खरी कामाची दोन, बॉल टूल आणि ड्रेस्डेन. बाकीची हौस.

बॉल टूल म्हणजे दोन्ही टोकांना गोळी असलेलं. ते दाबायचं असतं असं सगळ्यांना वाटतं, तसं नाही, ते फिरवायचं असतं. पाकळी फोम पॅडवर ठेवा, गोळीचा अर्धा भाग पाकळीच्या कडेवर आणि अर्धा फोमवर राहील असं धरा, आणि कडेकडेने हलक्या हाताने पुढेमागे फिरवा. कड पातळ होते आणि आपोआप लाट येते. गोळी पूर्ण पाकळीच्या आत राहिली तर कड जाडीच राहील आणि मध्ये खड्डा पडेल. खड्डा हवा असेल, म्हणजे पाकळीला वाटीचा आकार द्यायचाय, तर मात्र मधोमध ठेवून गोल गोल फिरवा, ती स्वतःच वर उचलली जाते. जोर किती हे हातच शिकतो, पण पाकळी फाटत असेल तर दरवेळी जोरच जास्त असतो असं नाही, बहुतेक वेळा गोळा कोरडा पडलेला असतो. बॉल टूल चिकटत असेल तर कॉर्नफ्लोअरमध्ये बुडवून झटका. याच बॉल टूलच्या छोट्या टोकाने डोळ्यांच्या खोबणी, कानाची वाटी, हात बसवायचा खड्डा, सगळं होतं.

फोम पॅड नसला तर तळहात. गादी जाड असलेला आपला तळहात खरंच चांगलं काम करतो, फक्त उन्हाळ्यात घामेजलेला नको.

ड्रेस्डेनचं एक टोक टोकदार आणि दुसरं चपटं, जरासं वाकलेलं. टोकदार बाजूने पानाच्या शिरा, केसांच्या बटा, लाकडाच्या रेषा, साडीच्या निऱ्या, ओठांचा कोपरा. चपट्या बाजूने कड ओढून पातळ करायची, म्हणजे गवत, पिसं, झालरीच्या कडा. रेषा मारताना टूल पेनासारखं उभं धरू नका, आडवं झोपवून ओढा, उभं धरलं की ते नांगरत जातं आणि दोन्ही बाजूंना फॉन्डंटचा भुगा उठतो. एकच टूल घ्यायचं असं कोणी म्हटलं तर मी ड्रेस्डेन घेईन, बॉलचं काम स्टीलच्या मापाच्या छोट्या चमच्याच्या पाठीने भागतं, ड्रेस्डेनला तसा जोडीदार नाही.

कोन टूलने फुलाच्या मधला घसा उघडायचा, स्कॅलप टूलने हसरं तोंड आणि माशाचे खवले, स्टिचिंग व्हीलने शिलाईचे टाके. बोन टूल म्हणजे बॉलचाच भाऊ, असलं तर ठीक.

लाटणं लाकडी नको, त्याचे रेषे फॉन्डंटवर उमटतात, छोटं गुळगुळीत प्लास्टिकचं घ्या. जाडी किती, तर केक झाकायला ३ ते ४ मिमी, कटआउटला २, पाकळीला १ मिमी किंवा त्याच्याही खाली. लाटल्यावर लगेच कटर मारू नका, चारपाच मिनिटं पसरून ठेवा, वरचा थर जरा सुकला की कड स्वच्छ येते आणि आकार ओढला जात नाही. मेमध्ये एवढंही थांबायची गरज नाही, दोन मिनिटात होतं. कटर दाबून जागच्या जागी जरासा हलवायचा, मग उचलायचा. कटरला चिकटून राहिलं तर कडेवरून बोट फिरवा, मधूनच ढकलू नका. सुरीने कापायचं असेल तर धारदार क्राफ्ट नाइफ, आणि ओढत नेण्याऐवजी वरून दाबत दाबत जायचं.

सिलिकॉन मोल्डला आतून कोरड्या ब्रशने कॉर्नफ्लोअर, जास्तीचं झटकून टाका. गोळा मधोमध दाबून कडेकडे पसरवा, वरचं जास्तीचं सुरीने सपाट कापा. निघत नसेल तर मोल्डसकट ५-१० मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवून मग मोल्ड उलटा वाकवून काढा. पावसाळ्यात हे केलं की वस्तूवर लगेच दव जमतं, तेव्हा पंख्याखाली ठेवा आणि कोरडी होईपर्यंत बोट लावू नका.

घरातलं काय काय चालतं त्याची यादी तर न संपणारी आहे. स्ट्रॉ तिरका धरून दाबला की हसणारं तोंड, उभा दाबला की गोल डोळा. चहाच्या गाळणीतून मऊ फॉन्डंट दाबला की मेंढीची लोकर नाहीतर गवत, ते सुरीने खरवडून लगेच चिकटवायचं. आणि शेवेचा सोऱ्या! क्ले गन घ्यायची काही गरज नाही, बारीक जाळी लावा, फॉन्डंटमध्ये डालडा घालून चांगला मऊ करा आणि दाबा, बाहुलीचे केस, दोऱ्या, वेणी सगळं निघतं. फक्त तिखट शेवेचा सोऱ्या नको वो ताई, कितीही घासला तरी वास राहतो, इतवारीत भांड्यांच्या दुकानातून वेगळा छोटा घेऊन टाका आणि त्याच्यावर मार्करने केक लिहून ठेवा, नाहीतर दिवाळीत कोणीतरी वापरतंच.

आधी चार आकार पक्के करा

गोळी, थेंब, अंडं आणि नळी. जगातली कोणतीही फॉन्डंटची बाहुली या चारांतूनच होते. आणि चारही सुरू होतात बिनभेगांच्या गोळीतून. ती करताना तळहातात आधी जोरात दाबून फिरवायचं, भेगा बंद होतात, मग जोर कमी करत करत शेवटी नुसतं हलकं फिरवायचं. गोळीवर एक जरी रेघ असली तरी ती पुढे कुठेतरी, नेमकी नाकावर, उघडते. थेंब करायचा तर गोळी एका बाजूने करंगळ्यांच्या कडेत फिरवा.

छोटा डिजिटल काटा घ्या. दोन हात, चार पाय, दोन कान, हे डोळ्याने सारखे होत नाहीत, वजन करून सारखे होतात. ६ ग्रॅमचा एक हात तर दुसराही ६.

संत्र्यापासून सुरुवात

नागपुरात शिकायचं तर पहिलं संत्रंच करा, सोपंही आहे आणि इथल्या कोणत्याही केकवर शोभतं. नारंगी रंगाचा २० ग्रॅमचा गोळा, वरून खालून जरासा दाबून चपटा, कारण आपलं संत्रं पूर्ण गोल नसतं. सालीची खरखर उमटवायला किसणीच्या सगळ्यात बारीक बाजूवर हलकं लोळवा, किंवा नवीन टूथब्रशच्या केसांनी टोचत जा, दोन्ही करून पाहा, मला ब्रशवालं जास्त खरं वाटतं. मग वरच्या बाजूला, देठापाशी, तो जो थोडा उंच गळा असतो ना नागपुरी संत्र्याला, तो बोटांनी चिमटून वर काढा आणि त्याच्या भोवती ड्रेस्डेनने पाचसहा छोट्या रेषा खाली ओढा. या रेषांनीच ते संत्रं दिसतं, नाहीतर नुसता नारंगी चेंडू. देठाच्या जागी लवंग खोचा, पण देताना सांगा की लवंग आहे, लहान पोरांच्या प्लेटमध्ये जायला नको. पान गमपेस्टचं, कटर नसला तर थेंब करून दाबायचा, मधली शीर ड्रेस्डेनने, कड बॉलने, आणि पेनावर टाकून वाळवायचं म्हणजे वाक येतो. पूर्ण वाळल्यावर कोरड्या ब्रशने जरा गडद नारंगी पेटल डस्ट (रंगाची कोरडी पावडर) एका बाजूने मारा, देठाजवळ हिरवट छटा. एवढ्याने एकदम फळ दिसायला लागतं.

गुलाब

गुलाबात सगळ्यांना घाई पाकळ्यांची असते आणि सगळं अवलंबून असतं मधल्या कोनावर. गमपेस्टचा थेंब टूथपिकवर बसवून आदल्या रात्रीच वाळवून ठेवा. तो ओला असेल तर पाकळ्यांच्या वजनाने खाली घसरतो. त्याची उंची पाकळीपेक्षा जरा कमीच हवी, नाहीतर मधून टोक डोकावतं.

गमपेस्ट १ मिमीपेक्षा पातळ लाटा, पाकळ्या कापा, एक घ्या बाकीच्या प्लास्टिकखाली झाका. कड बॉलने पातळ करा, खालचा भाग तसाच राहू द्या, तिथे जाडी हवी पकडायला. पहिली पाकळी कोनाभोवती पूर्ण गुंडाळायची, वरून मधलं टोक दिसलं नाही पाहिजे. पुढच्या थरात तीन, प्रत्येक पाकळी आधीच्या पाकळीच्या अर्ध्यावर चढवून, तिसरीची कड पहिलीच्या आत खोचायची. मग पाच. ग्लू फक्त खालच्या अर्ध्यात, इंग्रजी व्ही आकारात, वरची कड मोकळी. पाचांच्या थराच्या पाकळ्या लावायच्या आधी स्टीलच्या चमच्यात पंधरा मिनिटं ठेवून वाटीदार होऊ द्या, मग त्यांच्या कडा टूथपिकवर मागे वळवा, दोन्ही बाजूंना थोडं थोडं, म्हणजे मध्ये टोक येतं. सगळ्या पाकळ्या एकसारख्या वळवू नका, खरा गुलाब कुठे एवढा शिस्तीचा असतो. लावून झाल्यावर थोडा वेळ उलटा धरा किंवा लटकवा, पाकळ्या बाहेर पडत नाहीत.

मोठा करायचा असेल तर अजून सात. मी सातच्या थराला जात नाही सहसा, वजन वाढतं आणि आपल्याकडचे केक व्हिप्ड क्रीमचे, ते पेलत नाहीत.

तान्ह्या पोळ्याचा बैल

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, पोरं लाकडी बैल सजवून नेतात, आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ज्यांच्या पोरांचे वाढदिवस असतात त्यांना केकवर बैलच हवा असतो. चांगली गोष्ट ही की हा लाकडाचा बैल आहे, खरा नाही, त्यामुळे पाय सरळसोट, अंग ठोकळेबाज, चाकांवर उभा, सगळं माफ. वाईट गोष्ट ही की तो नेमका भर पावसाळ्यात करायचा असतो. (त्याच दिवशी मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक पण निघते, पण पिवळ्या मारबतीचा केक कोणी मागू नका बाप्पा, इडा पिडा घेऊन जा म्हणत केक कापायचा का.)

६ इंची केकला धड ९० ग्रॅम, प्रत्येक पाय १२, डोकं २५, वशिंड ८. पाच दिवस आधी सुरू करा, उन्हाळ्यात दोन दिवसात झालं असतं. पहिल्या दिवशी फक्त शिंगं, पाय आणि चाकं. पाय म्हणजे जाड नळी, खालून सपाट कापलेली, आत न शिजवलेली स्पॅगेटी वरून थोडी बाहेर राहील अशी खोचून ठेवा. टूथपिक पण चालते पण लहान मुलांच्या केकमध्ये मी टूथपिक घालत नाही, स्पॅगेटी चुकून तोंडात गेली तरी निदान खायची वस्तू आहे. शिंगं लांब थेंबाची, वाकवून, तीही स्पॅगेटीवर. चाकं ३ सेंमीच्या कटरने, ५ मिमी जाड, मधोमध बॉलने खड्डा. फळी ६ मिमी जाड, तिच्यावर ड्रेस्डेनने लाकडाच्या रेषा, मध्ये एकदोन गाठी पण काढा.

दुसऱ्या दिवशी धड, अंड्याचा आकार, पोट जरा सपाट, वरून वशिंड चिकटवून जोड बोटाने पुसून घ्या. वाळू द्या. तिसऱ्या दिवशी पायांवर धड बसवा आणि खाली स्पंजचा तुकडा टेकू म्हणून द्या, रात्रभर तसंच. डोकं चौथ्या दिवशी. डोकं लवकर लावलं की मान वाकते, आणि बैल मान खाली घालून उदास उभा, कितीही सजवला तरी तसाच दिसतो. शेवटी झूल, ती साध्या फॉन्डंटची २ मिमी, कडेने स्टिचिंग व्हील, खालून झालर ड्रेस्डेनच्या चपट्या बाजूने ओढलेली, गळ्यात पिवळ्या गोळ्यांच्या घुंगरांची माळ, शिंगांना गोंडे. चाकांवर वजन टाकू नका, फळीखाली त्याच रंगाचा वाळलेला ठोकळा लपवा, चाकं नुसती बाजूने चिकटवा.

पावसाळ्यात वाळवायचं कसं, तर मोठ्या पुठ्ठ्याच्या खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवून, वस्तूला न लागतील अशा, किंवा ओव्हनमध्ये फक्त दिवा लावून, हीट अजिबात नाही. एसीची खोली असेल तर तीच. फ्रिजमध्ये वाळत नाही काही, उलट बाहेर काढल्या काढल्या घाम फुटतो. आणि अर्ध्यातून वस्तू उलटी करत राहा, बुडाला ओल राहते.

चेहऱ्याबद्दल फार नाही सांगत, एवढंच की डोळे उंच लावले की वस्तू मोठ्या वयाची दिसते आणि चेहऱ्याच्या अर्ध्याखाली, जरा लांब लांब लावले की गोंडस दिसते. शंका असली तर डोळे छोटे करा.

रंग

जेल रंगच. पातळ लिक्विड रंगाने गोळा सैल होतो. टूथपिकने थोडा थोडा घालायचा, ग्लव्ह्ज घालून मळायचं, आणि हवा त्यापेक्षा एक छटा फिका ठेवून रात्रभर झाकायचं, रंग चढतो. लाल आणि काळा घरी करूच नका खरं तर, एवढा रंग घालावा लागतो की गोळा चिकट पण होतो आणि कडू पण लागतो, तयार रंगाचा पाउच घ्या.

वाळलेल्या वस्तूवर रंगवायचं असेल तर पाणी नको, पाण्याने साखर विरघळते आणि ब्रशखाली चिखल होतो. डस्ट व्होडकात कालवून मारतात कारण अल्कोहोल पटकन उडून जातं. वर्ध्याकडच्यांना दारूबंदीमुळे आणि बऱ्याच घरांना तसंही नको असतं, तर मग कोरड्या ब्रशने डस्टिंग करा, नाहीतर फूड पेन वापरा, भागतं.

आणि चमकीचा डबा नीट वाचा. नॉन टॉक्सिक म्हणजे खायचं असं नाही, ते फक्त विष नाही एवढंच सांगतं. डब्यावर एडिबल लिहिलेलं, घटकांची यादी आणि १४ आकडी एफएसएसएआय नंबर असेल तरच खाणाऱ्या भागावर टाका.

केकवर बसवणं आणि नेणं

आपल्याकडे निम्म्याहून जास्त लोक फ्रेश क्रीमचाच केक मागतात आणि त्याच्यावर फॉन्डंट हवा असतो, आणि क्रीममधलं पाणी फॉन्डंटला खालून वितळवतं. कटआउटच्या मागे वितळलेल्या व्हाइट कंपाउंड चॉकलेटचा पातळ हात द्या आणि सुकू द्या, बराच टिकाव लागतो. बैल, बाहुली असं जड काही असेल तर ते छोट्या केक बोर्डवर बसवा, आणि त्या बोर्डाखाली केकमध्ये जाड स्ट्रॉ केकच्या उंचीएवढे कापून उभे खोचा, वजन स्ट्रॉवर जातं, क्रीमवर नाही. आख्खा केकच फॉन्डंटने झाकायचा असेल तर खाली गनाश नाहीतर बटरक्रीम, उन्हाळ्यात व्हाइट चॉकलेट गनाशला चॉकलेट ३ भाग आणि क्रीम १ भाग, डार्कला २ ला १.

केक फ्रिजमध्ये ठेवावाच लागला तर बॉक्स बंद करून ठेवा, आणि बाहेर काढल्यावर बॉक्स लगेच उघडू नका, दव बॉक्सवर जमू द्या, फॉन्डंटवर नाही. ग्राहकाला हे फोन करून सांगावं लागतं, कारण घरी नेल्याबरोबर सगळे आधी उघडून फोटो काढतात. वाळलेली फुलं, बैल वगैरे मात्र फ्रिजला दाखवूसुद्धा नका, पुठ्ठ्याच्या खोक्यात, उन्हापासून लांब, गुलाबी-जांभळा तर उजेडाने उडतो.

मेमध्ये डिलिव्हरी सकाळी ९ च्या आत नाहीतर संध्याकाळी ७ नंतर. स्कूटीवर जाणार असाल तर टॉपर, म्हणजे केकवर बसवायची वस्तू, वेगळ्या डब्यात टिश्यूमध्ये बसवून न्या आणि तिथे पोचून लावा. सोबत एक छोटा डबा ठेवा, त्यात ब्रश, ग्लू, प्रत्येक रंगाची एक एक गोळी, चारदोन स्पॅगेटी आणि फॉन्डंट ग्लूमध्ये कालवून केलेली घट्ट पेस्ट, वाळलेला तुकडा तुटला तर नुसत्या ग्लूने धरत नाही, या पेस्टने धरतो. सगळ्यात आधी शिंगं तुटतात, त्यामुळे करतानाच दोनच्या जागी चार करा.